सिनेमा न बघता काढलेला सिनेमा

सिनेमावरून बेतलेल्या कॉमिक्सना तसा कुठेच मान नाही. कॉमिक्सच्या दर्दी मंडळींना ती सिनेमाची जाहिरात वाटते आणि सिनेमावाल्यांच्या लेखी तो टी-शर्ट, मग, किचेन यांच्या पंगतीतला माल. मला मात्र ती फार आवडतात. त्यातही विज्ञानपटांवरची. आणि त्यातही, खरं सांगायचं तर, चुकलेली.

चुकायला कारणही तसंच असायचं. सिनेमा लागेल तेव्हा अंक दुकानात हजर हवा, म्हणजे चित्रकाराने कामाला बसायचं ते सिनेमा पुरा होण्याच्या कितीतरी आधी. हाताशी काय, तर पटकथा आणि शूटिंगचे काही फोटो. शाळेत मधल्या सुट्टीत सिनेमाची स्टोरी साभिनय सांगणारा एक जण असतोच. हा बिचारा चित्रकार म्हणजे तिकीटच न मिळालेला, तरी स्टोरी सांगायला उभा केलेला गडी.

‘स्टार वॉर्स’ अमेरिकेत २५ मे १९७७ रोजी लागला. मार्व्हल या कॉमिक्स कंपनीचा पहिला अंक एप्रिलमध्येच बाजारात आला होता. लेखन रॉय थॉमसचं, चित्रं हॉवर्ड चेकिनची. मुखपृष्ठावर मागे खलनायक डार्थ व्हेडरचा हिरवट मुखवटा, पुढे तलवार उगारलेला नायक ल्यूक, आणि हा पोरगा आकाशगंगा वाचवणार की तिचा सत्यानाश करणार, असा सवाल. सिनेमा पाहिलेल्या माणसाला हा प्रश्न पडलाच नसता. पण पाहिला होता कुणी!

आत तर आणखी गंमत. ल्यूक आणि त्याचा जिवलग मित्र बिग्ज यांच्या भेटीचा प्रसंग शूट झाला होता, पण एडिटिंगमध्ये उडाला. कॉमिकमध्ये तो शाबूत आहे. त्यामुळे शेवटच्या लढाईत बिग्ज मरतो तेव्हा सिनेमा बघणारा ‘हा कोण बुवा?’ म्हणून पुढे सरकतो आणि कॉमिक वाचणारा चुकचुकतो. मला ही मोठीच गोष्ट वाटते. कापून टाकलेला सिनेमा तीस सेंटच्या अंकात जिवंत राहिला!

आणि जब्बा, ‘स्टार वॉर्स’मधला गुंडांचा म्होरक्या! दुसऱ्या अंकात तो येतो तेव्हा चक्क दोन पायांवर उभा आहे. पिवळा, मिशाळ, उंचापुरा. जब्बा हा गोगलगायीच्या कुळातला लोळागोळा आहे हे जगाला कळलं १९८३ मध्ये, तिसऱ्या सिनेमात. मग या मिशाळ गृहस्थांचं करायचं काय? निष्ठावान लेखकांनी पुढे तोडगा काढला, की तो जब्बा नव्हताच, जब्बाचा हिशेबनीस होता. बॉसचं नाव सांगून वसुलीला आला असणार. चूक निस्तरण्याचा इतका कारकुनी आणि इतका गोड प्रकार मी दुसरा पाहिलेला नाही. योडा या हिरव्या, बुटक्या गुरुजींचीही तीच तऱ्हा. ‘द एम्पायर स्ट्राइक्स बॅक’ या दुसऱ्या सिनेमाच्या पेपरबॅक कॉमिकमध्ये तो जांभळट आहे.

पण तेव्हाच्या पोरांना या चुकांचं काही वाटत नसावं. सिनेमा थिएटरमधून उतरला की संपला. ‘स्टार वॉर्स’ची व्हिडिओ कॅसेट यायला १९८२ उजाडलं. तोवर पुन्हा बघायचा म्हणजे कॉमिक उघडायचं आणि पार्श्वसंगीत तोंडाने वाजवायचं. आता ती अडचण नाही आणि ती गंमतही नाही. त्याच मालिकेतला ‘द फोर्स अवेकन्स’ डिसेंबर २०१५ मध्ये आला आणि त्याचं कॉमिक जून २०१६ मध्ये, सगळं बघून-सवरून. कुठे बोट ठेवायला जागा नाही. एकदा चाळलं, झालं.

न चुकताही उत्तम असलेलं एक कॉमिक मात्र आहे, ते म्हणजे ‘एलियन’चं. १९७९ चं. आर्ची गुडविनचं लेखन, वॉल्ट सायमन्सनची चित्रं. सिनेमाच्या पोस्टरवर लिहिलं होतं, की अंतराळात तुमची किंकाळी कुणाला ऐकू जात नाही. कॉमिकमध्ये तर कुठलाच आवाज ऐकू जात नाही, म्हणून इथे किंकाळीसुद्धा काढावी लागते. जॉन वर्कमनची ती हाताने काढलेली अक्षरं चित्राइतकीच थरकाप उडवतात. जेवणाच्या टेबलावर यानातल्या केनची छाती फोडून तो परग्रहावरचा जीव बाहेर येतो तो प्रसंग थिएटरात डोळे मिटून टाळता येतो, तो आपोआप पुढे सरकतो. इथे पान आपल्यालाच उलटावं लागतं.

आणि मग मार्व्हलचा चित्रकार-लेखक जॅक कर्बी. कुब्रिकचा ‘२००१: अ स्पेस ओडिसी’ १९६८ चा, कर्बीचं कॉमिक १९७६ चं. म्हणजे सिनेमा पाहिला नव्हता ही सबब इथे नाही. सिनेमात सुरुवातीची पंचवीसेक मिनिटं एक शब्द नाही. कर्बीला हे मौन मानवण्यातलं नव्हतं. आदिमानवाच्या मनात काय चाललंय, अचानक समोर उभ्या ठाकलेल्या काळ्या शिळेपुढे त्याला काय वाटतंय, सगळं तो चौकटीत लिहून टाकतो, वर उद्गारचिन्हं. कुब्रिकची थंड, टापटीप यानं कर्बीच्या हातात जाडजूड, धडधडती यंत्रं होतात. कुब्रिकच्या भक्तांना हे पाहून घेरी यावी. रूपांतर म्हणून ते फसलेलंच आहे, यात मला शंका नाही. तरीही मी सर्वांत जास्त वेळा उघडतो ते हेच, कारण त्यात एका माणसाने दुसऱ्याच्या सिनेमाशी केलेलं कडाक्याचं भांडण आहे.

तेवढ्यावर तो थांबलाही नाही. सिनेमा संपला तिथून पुढे त्याने दहा अंकांची मालिका काढली आणि तिच्या शेवटच्या अंकांत एक यंत्रमानव जन्माला घातला. तोच पुढे ‘मशीन मॅन’ झाला, १९७८ मध्ये त्याची स्वतंत्र मालिका निघाली आणि मार्व्हलच्या सुपरहिरोंच्या गर्दीत तो कायमचा राहायला आला. कुब्रिकच्या सिनेमातून आलेलं हे पाहुणं अजून तिथेच मुक्काम ठोकून आहे.