बोंदेरामच्या शनिवारची ती फेरी

गोव्यातल्या दिवाडी बेटाला पूल नाही. जुन्या गोव्याहून, रायबंदरहून किंवा पलीकडच्या नार्व्याहून, कुठूनही आलात तरी मांडवी फेरीबोटीनेच ओलांडावी लागते. जुने गोवे ते दिवाडी या मार्गावर मी खलाशी आहे. रॅम्प सोडणे, उचलणे, दोर सांभाळणे आणि गाड्या नीट लावून घेणे हे माझे काम. एरवीची माणसे तोंडओळखीची असतात: शाळेची मुले, पणजीला नोकरीला जाणारे, मासळीची पाटी घेऊन येणाऱ्या बाया. ऑगस्टच्या चौथ्या शनिवारी मात्र धक्क्यावर ओळखीचा चेहरा शोधावा लागतो. व्हाइसरॉयच्या कमानीपासून पाण्यापर्यंत दुचाक्यांची रांग लागलेली असते आणि सगळ्यांना दिवाडीवरच्या पिएदाद गावात पोहोचायचे असते, बोंदेराम हा झेंड्यांचा उत्सव बघायला.

येणाऱ्यांना चित्ररथ दिसतात, बँड ऐकू येतो, पण त्या रंगीबेरंगी झेंड्यांचे मूळ बहुतेकांना ठाऊक नसते. बोटीवर कोणी विचारले तर मी आवर्जून सांगतो. ‘बांदेइरा’ म्हणजे पोर्तुगीज भाषेत झेंडा, त्यावरून बोंदेराम. गावातली जुनी माणसे सांगतात, वाड्यावाड्यांत जमिनीच्या हद्दीवरून भांडणे व्हायची, डोकी फुटायची. म्हणून पोर्तुगीजांनी हद्दीवर वेगवेगळ्या देशांचे झेंडे रोवले. लोकांनी तेही पाडले. त्याचीच आठवण म्हणून आज पोरे फोटाश घेऊन उतरतात. फोटाश म्हणजे बांबूच्या नळीची बंदूक. तिच्यात हिरवी रानफळे घालायची आणि समोरच्या वाड्याचा झेंडा पाडायचा. एवढे भांडण एका खेळात जिरवून टाकणारे हे गाव आहे, आणि मला त्याचा फार अभिमान आहे.

एका वर्षी बोंदेरामच्या दिवशी साडेचारच्या सुमारास आम्ही भरगच्च बोट घेऊन निघालो होतो. पावसाने मांडवी लाल झालेली, त्यात सुकती, म्हणजे ओहोटी लागलेली, त्यामुळे पाण्याला समुद्राकडे दुप्पट ओढ. नदीच्या मध्यावर बोट चालवणाऱ्या मास्टरना फोन आला. दिवाडीच्या बाजूला एका म्हाताऱ्या बाईंना श्वास घेता येत नव्हता. घरच्यांनी त्यांना व्हॅनमध्ये घातले होते, पण व्हॅन धक्क्याच्या अलीकडे अडकली होती. दोन्ही बाजूंना शेत, मध्ये अरुंद रस्ता आणि त्याच्या कडेला लोकांनी लावलेल्या दुचाक्या. १०८ला फोन झाला होता, पण रुग्णवाहिकाही जुन्या गोव्याच्या गर्दीतून धक्क्यापर्यंत यायची होती.

मास्टर खाली वाकून मला म्हणाले, “रॅम्प टेकला की आधी बोट रिकामी कर. वर कोणाला घेऊ नकोस.”

सांगणे सोपे होते. आमच्या बोटीवरून उतरणारे शंभरेक लोक पुढे सरकेनात, कारण समोर परतणारी गर्दी रॅम्पवर चढायला टेकलेली. मी घसा ताणून ओरडत होतो, “वाट दियात! वाट दियात!” बोटीवर एक बँड होता, त्यांचा ढोल वाजतच होता. त्यातल्या एका वयस्क वादकाला मी कारण सांगितले. त्याने हात वर केला आणि वाद्ये बंद झाली. बँड अचानक थांबल्यावर लोकांनी माना वळवल्या आणि मग कुठे माझा आवाज ऐकू गेला.

तेवढ्यात रस्त्यावरून मिरवणुकीतली पोरे धावत आली. अर्धी निळ्या सदऱ्यांची, अर्धी लाल, म्हणजे दोन वेगळ्या वाड्यांची. हातात झेंड्यांचे बांबू. कोणी सांगितले नव्हते, पण त्यांनी ते बांबू आडवे धरले, एकाचे टोक दुसऱ्याच्या हातात, आणि दोन्हीकडून गर्दी मागे रेटली. मध्ये खुर्ची जाईल एवढी वाट झाली. बाईंना प्लास्टिकच्या खुर्चीवर बसवून चौघांनी उचलले होते. सून डोक्यावर छत्री धरून पळत होती.

सुकतीमुळे पाणी उतरले होते आणि रॅम्प उताराच्या शेवाळी भागावर टेकला होता. तिथे घसरले की माणूस थेट पाण्यात. मी बोटीवरची रिकामी पोती अंथरली, पाय रोवून उभा राहिलो आणि खुर्चीचा पुढचा पाय माझ्या खांद्यावर घेतला. बाईंची बोटे माझ्या मनगटावर इतकी घट्ट होती की वळ उठले.

ती फेरी आम्ही एवढ्याच माणसांसाठी मारली. परतणारे लोक धक्क्यावर उभेच राहिले. दोघे-तिघे कुरकुरले, बाकीच्यांनी त्यांनाच गप्प केले. पलीकडे आमच्या माणसांनी आणि रांगेतल्या पाहुण्यांनी दुचाक्या उचलून कडेला ठेवल्या होत्या. हो, उचलून, कारण ढकलायला जागा नव्हती. रुग्णवाहिका अजून कमानीपाशी होती. स्ट्रेचर तिथून धावत आणले आणि बाई बांबोळीच्या सरकारी इस्पितळात गेल्या.

पुढे रात्री उशिरापर्यंत फेऱ्या चालल्या. प्रत्येक वेळी रॅम्प सोडताना मी त्या शेवाळाकडे बघत होतो. माझे एकच म्हणणे आहे, तेव्हाही मी ते बोललो आणि दरवर्षी बोलतो. बोंदेरामला जरूर या, पण धक्क्याचा रस्ता मोकळा सोडा. तुमच्यासाठी ती दुपारची सहल असते. बेटावरच्या माणसाला दवाखान्यात जायला दुसरी वाट नाही.

पंधरवड्याने सकाळच्या फेरीला एक रिक्षा आली. आत त्याच बाई होत्या, सुनेच्या खांद्याला टेकलेल्या, चेहरा उतरलेला पण श्वास शांत. बोट सुटल्यावर त्यांनी मला खुणेने जवळ बोलावले. मला वाटले, त्या दिवसाबद्दल काही म्हणतील.

“कोणत्या वाड्याचा रथ पहिला आला रे, पुता?” त्यांनी विचारले.

मला माहीत नव्हते. मी शेजारच्या दुचाकीवाल्याला विचारले. त्याने वाड्याचे नाव सांगताच बाईंनी सुनेच्या मांडीवर थाप मारली.

“आमचाच,” त्या म्हणाल्या.