चावीच्या ग्रामोफोनवर एलपी का लावू नये

माझ्या भाच्याने गेल्या महिन्यात आयुष्यातली पहिली एलपी, म्हणजे व्हायनिल या प्लॅस्टिकची लाँग-प्ले तबकडी, विकत घेतली आणि ती घेऊन तो थेट माझ्याकडे आला. वरचे प्लॅस्टिकचे वेष्टनही त्याने अजून काढलेले नव्हते. "मामा, ही तुझ्या भोंग्यावर लावू या ना," असे म्हणत त्याने ग्रामोफोनची चावी फिरवायला सुरुवातसुद्धा केली. मी त्याला थांबवले, तेव्हा त्याचा चेहरा पडला. मामा आपल्या जुन्या यंत्राला हात लावू देत नाही, असा त्याने अर्थ काढला असावा. वस्तुस्थिती नेमकी उलट होती. यंत्राला काहीच होणार नव्हते; मी जपत होतो ते त्याच्या नव्या कोऱ्या तबकडीला.

हा गैरसमज त्याच्या एकट्याचा नाही. एलपी आणि ग्रामोफोनची जुनी ७८ची (मिनिटाला ७८ फेऱ्यांची) तबकडी, दोन्ही काळ्या असतात, मधले भोकही सारखेच असते आणि बारा इंची एलपी ग्रामोफोनच्या खुंटीवर अगदी व्यवस्थित बसते. बसते म्हणजे वाजणारच, असे वाटणे स्वाभाविक आहे. त्यात हल्ली पितळी कर्णा लावलेली, पण पोटात विजेची मोटर आणि स्पीकर असलेली शोभेची यंत्रे सर्रास दिसतात. त्यांच्यावर एलपी वाजताना पाहिलेल्या माणसाला चावीच्या यंत्राचा निराळेपणा लक्षात येणे कठीणच.

नुसते सांगून भाच्याला पटेना, म्हणून मी एक एलपी बाहेर काढली. ती आडव्या चऱ्यांनी आधीच निकामी झालेली होती आणि केवळ टाकवत नाही म्हणून माझ्याकडे राहिली होती. ग्रामोफोनला नवी पोलादी सुई लावली, चावी दिली आणि तबकडी सुरू केली. मिनिटाला ७८ फेऱ्यांच्या वेगाने फिरणाऱ्या त्या ३३ १/३ फेऱ्यांच्या तबकडीतून जे बाहेर पडले, ते गाणे नसून चिमण्यांचे भांडण होते, कारण वेग मूळच्या सव्वादोन पटींहून अधिक झाला होता. वेगाचा स्क्रू पार शेवटापर्यंत फिरवूनही तबकडी ३३च्या जवळपास येईना, तेव्हा भाच्याने फिरत्या थाळीच्या कडेला बोट टेकवून तिला आवरले. मग मात्र गाणे ओळखू आले. अगदी किनरे, खर्ज नसलेले, बंद दाराआडून यावे तसे क्षीण. पण ओळखू आले. तो हसला आणि म्हणाला, "बघ, वाजते की!"

मी सुई उचलून त्याच्या हातात भिंग दिले. सुईच्या टोकाला केसासारख्या बारीक काळ्या तंतूंचा झुपका अडकला होता. तबकडीवर, सुई जेवढ्या भागातून गेली होती तेवढ्या भागात, करडा, निस्तेज पट्टा उमटला होता. त्याच्या आतबाहेरच्या खाचा मात्र पूर्वीसारख्याच चकचकीत होत्या. जेमतेम एका मिनिटात हे झाले होते. तो पट्टा नंतर विजेच्या टर्नटेबलवर वाजवून पाहिला, तर गाण्याच्या वर खरखरीचा जाड थर बसला होता आणि तो आता कधीही निघणार नव्हता.

याचे पहिले कारण वजन. एलपीसाठी बनवलेल्या टोनआर्मचा, म्हणजे सुई धरणाऱ्या दांडीचा, तबकडीवरचा भार साधारणपणे दीड ते अडीच ग्रॅम असतो. ग्रामोफोनचा साउंडबॉक्स, म्हणजे अभ्रकाची किंवा अॅल्युमिनियमची चकती असलेली ती जड डबी, सुईच्या टोकावर शंभर ग्रॅमहून अधिक भार टाकते. हा भार कुणाच्या निष्काळजीपणामुळे आलेला नाही. या यंत्रात आवाज मोठा करणारे विजेचे काहीही नाही. कर्ण्यातून खोलीभर पसरणारा सगळा आवाज खाचेच्या भिंतींनी सुईला दिलेल्या धक्क्यांतून निर्माण होतो. ते धक्के घट्ट बसावेत यासाठी सुई खाचेत दाबून धरणे भागच असते. साउंडबॉक्स हलका केला, तर सुई खाचेतून उडते आणि आवाजही मरतो.

दुसरे कारण मला सर्वांत रंजक वाटते. जुन्या ७८च्या तबकड्या लाखेत दगडाची बारीक पूड मिसळून बनवलेल्या असत, आणि ही पूड मुद्दाम घातलेली असे. नवी सुई टेकवल्यावर पहिल्या काही फेऱ्यांतच ती पूड सुईचे टोक घासून त्याला खाचेच्या आकाराचे करते, त्यामुळे भार एका बिंदूवर न राहता भिंतींवर पसरतो. ही झीज पुढे चालूच राहते आणि एक बाजू संपेपर्यंत टोक इतके झिजते की दुसऱ्या बाजूसाठी सुई बदलावी लागते. म्हणजे झिजण्याचे काम सुईकडे सोपवलेले होते, आणि म्हणूनच सुया डब्यांच्या हिशेबाने विकल्या जात. व्हायनिल मऊ आहे आणि त्यात असली पूड नाही. तिथे सुईला आकार देणारे काहीच नसल्यामुळे ती जशीच्या तशी राहते आणि झिजते ती तबकडी.

त्यातही ती सुई त्या खाचेसाठी नाहीच. ७८च्या तबकडीला चालणाऱ्या टोकाची त्रिज्या सुमारे ०.०७ मिलिमीटर असते. १९४८ मध्ये कोलंबिया कंपनीने एलपी बाजारात आणली, ती सूक्ष्म खाचांच्या जोरावरच, आणि तिच्यासाठी टोक सुमारे ०.०२५ मिलिमीटरचे लागते. पुढे स्टिरिओसाठी ते आणखी बारीक झाले. स्टिरिओ तबकडीत तर खाच फक्त डावी-उजवीकडे वळत नाही, तिचा तळ वर-खालीही होतो. ग्रामोफोनच्या साउंडबॉक्सला आडवी हालचाल तेवढी कळते. उभ्या चढउतारांवर त्याला सगळ्या वजनानिशी उचलले जावे लागते, आणि ते शक्य नसल्यामुळे सुई चढ कापत पुढे जाते. भिंगाखाली दिसलेले काळे तंतू म्हणजे हेच कापलेले चढ.

खर्ज कुठे गेला, हे भाच्याने विचारले नाही, पण विचारायला हवे होते. एलपी कापताना खालचे स्वर मुद्दाम दबवतात आणि वरचे वाढवतात, म्हणजे खाचा अरुंद राहतात आणि खरखर झाकली जाते. अॅम्प्लिफायर वाजवताना हे उलटे करून मूळ तोल परत आणतो. कर्ण्याला ही युक्ती ठाऊक नाही. चावीने गुंडाळल्या जाणाऱ्या कमानीचा (स्प्रिंगचा) प्रश्न तर निराळाच. दहा इंची ७८ची एक बाजू सुमारे तीन मिनिटांची, म्हणजे साधारण २३४ फेऱ्यांची असते. बावीस मिनिटांच्या एलपीच्या एका बाजूला सातशेहून अधिक फेऱ्या लागतात, तेव्हा मधेच उठून चावी देण्याची तयारी ठेवावी लागेल.

व्हायनिलच्या ७८च्या तबकड्याही निघाल्या होत्या. त्यांचा वेग आणि खाच दोन्ही ग्रामोफोनला जुळतात, तरी पदार्थ मऊ तो मऊच, त्यामुळे मी त्या विजेच्या टर्नटेबलवर रुंद टोकाचा स्टायलस (टर्नटेबलची सुई) लावूनच ऐकतो.

भाच्याची एलपी त्या संध्याकाळी टर्नटेबलवर लागली आणि दोन्ही बाजू आम्ही न बोलता ऐकल्या. मग त्याने स्वतःहून ग्रामोफोनवर लाखेची एक तबकडी ठेवली, डबीतून नवी सुई काढून बसवली आणि तबकडीखाली कागदाचा कपटा सरकवून मिनिटभर फेऱ्या मोजल्या. ८१ भरल्या. स्क्रू किंचित मागे घेऊन त्याने पुन्हा मोजायला सुरुवात केली.