सोमवारचा फोन, जो आमच्याकडे रविवारीच येतो

पोटचा पोरगा भूकंपात, हातात फोन, फोनला रेंज, आणि आई फोन करत नाही. हे मी डोळ्यांनी बघितलंय. तेव्हापासून जे डोक्यात घोळतंय ते एकदाचं लिहून टाकते, म्हणजे आमची आई तरी रोज विचारायची थांबेल की त्या मुलाचं पुढे काय झालं.

आम्ही अमेरिकेत युटातल्या लीहायला राहतो हे जुन्या वाचकांना माहितीये. आयटीवाली मंडळी सोडली तर आमच्या गल्लीत जवळपास सगळी घरं मॉर्मन, म्हणजे येशूला मानणाऱ्या एका वेगळ्या चर्चची. शेजारीणही तीच, नाव लिहीत नाही, तिला आवडणार नाही. तिचा मोठा मुलगा मिशनवर गेलाय, फिलिपिन्समध्ये सेबूला. मिशन म्हणजे मुलांनी दोन वर्षं, मुलींनी दीड वर्ष घर, कॉलेज, मैत्रीण, सिनेमा सगळं सोडून चर्च पाठवेल तिथे जायचं आणि दारोदार फिरून धर्माबद्दल सांगायचं. कुठे जायचं ते मुलांनी निवडायचं नाही, पत्र येतं त्यात असेल ते. छातीवर काळी पाटी, त्यावर एल्डर आणि पुढे आडनाव. एकोणीस वर्षांचा एल्डर! मिसरूड नीट फुटलेलं नाही आणि सगळे त्याला वडीलधारी हाक मारतात.

तर २०२५ च्या ३० सप्टेंबरला, मंगळवारी, सकाळी आठच्या सुमारास माझ्या मोबाईलवर बातमी आली की सेबू बेटाच्या उत्तरेला बोगो शहराजवळ ६.९ चा भूकंप झालाय. तिकडे रात्रीचे दहा वाजायला आलेले. मी तशीच चपला घालून शेजारी. ती ड्राइव्हवेतच उभी होती, हातात फोन, चेहरा पांढराफटक. मी म्हटलं, अगं लाव ना त्याला फोन. तर म्हणते, मिशनकडून कळवतील. मी परत म्हटलं, ते कळवतील तेव्हा कळवतील, तू लाव. ती म्हणाली, आज सोमवार नाहीये.

इथे मला जो राग आला तो अजून पूर्ण उतरलेला नाही. आज सोमवार नाहीये! अरे भूकंप काय वार बघून येतो का?

नियम असा आहे की मिशनऱ्यांना आठवड्यातून एक दिवस मोकळा, त्याला पी-डे म्हणतात, बहुतेक ठिकाणी सोमवार. त्या दिवशी कपडे धुवायचे, किराणा आणायचा, केस कापायचे आणि घरी बोलायचं. फोन मुलाने करायचा, आईबापांनी नाही. बाकी नाताळ, मदर्स डे, फादर्स डे, आईबापांचे वाढदिवस अशा दिवशी करता येतो. आणि हे म्हणे फार उदार झालंय! फेब्रुवारी २०१९ पर्यंत वर्षातून दोनच फोन, नाताळला आणि मदर्स डेला, बाकी आठवड्याला ईमेल, त्याच्याही आधी नुसती पत्रं. शेजारणीचा नवरा नव्वदच्या दशकात ब्राझीलला होता, दोन वर्षांत घरी चार फोन. हे तो अभिमानाने सांगतो. त्याच्या आईने सगळी पत्रं बुटांच्या खोक्यात जपून ठेवलीयेत, मला दाखवली, आणि कौतुक म्हणून मी मान हलवली पण मनात येत होतं की बाई गं, तुझं पोरगं आजारी पडून बरं झाल्यावर तुला कळत असणार.

वर याचे पैसे घरच्यांनी द्यायचे. महिना ५०० डॉलर. आधी ४०० होते, २०२० मध्ये वाढवले. मुलाला घरापासून लांब ठेवायचे पैसे आपणच भरायचे हे माझ्या गळी उतरत नाही. (माझ्या शिक्षणाचं कर्ज बाबांनी काढलं होतं आणि ते काढल्यामुळेच मी आज इथे आहे, मिरजेत नाही, हे मला कुणी सांगायची गरज नाही. पण त्यात डिग्री होती, नोकरी होती. आणि फोनवर कुणी बंदी घातली नव्हती.)

शेजारणीलाही तो आठवडा आधीच जड गेलेला. शनिवारी रात्री त्यांच्या चर्चचे प्रमुख, प्रेसिडेंट रसेल नेल्सन वारले, १०१ वर्षांचे होते. रविवारी मिशिगनमध्ये त्यांच्याच चर्चमध्ये एकाने गाडी घुसवून गोळीबार केला आणि इमारत पेटवून दिली. सोमवार कसाबसा गेला आणि मंगळवारी हे. अशा वेळी मी असते तर शंभर मिस्ड कॉल दिले असते, मुलाच्या शेजाऱ्यांना, घरमालकाला, कोपऱ्यावरच्या दुकानदाराला झोपेतून उठवलं असतं. ती आत गेली, धाकट्यांना शाळेत सोडून आली, परत आली तेव्हा मी तिथेच. काही तासांनी मिशनकडून ईमेल आली की सगळे मिशनरी सुखरूप आहेत. मग मुलाच्या दोन ओळी आल्या. ठीक आहे, आम्ही झोपायच्या तयारीत होतो, आता सगळी गल्ली रस्त्यावर अंथरूण टाकून बसलीये, आम्ही पाणी वाटतोय, सोमवारी बोलू. सोमवारी बोलू!! सत्तरहून जास्त माणसं गेली त्या भूकंपात. आणि ही बाई ते वाचून रडली, डोळे पुसले आणि मला म्हणाली, बघ, पाणी वाटतोय.

मी घरी येऊन आईला फोन लावला. तिला काय चाललंय ते कळेना, कारण आमचा त्या दिवशीचा फोन आधीच झाला होता.

आमचा फोन कसा असतो ते सांगते, तुमच्याकडेही तसाच असेल. मी मोबाईल मिक्सरला टेकवून ठेवते आणि कांदा चिरते. आईने फोन असा धरलेला असतो की मला तिचं अर्धं कपाळ आणि वरचा पंखा दिसतो. जेवलीस का. हो, तू? काय केलं होतंस? मग शेजारच्यांच्या नळाचं पाणी, भिशी, गुडघा, हॅलो हॅलो आवाज येत नाहीये, ठेवते गं भाजी लागतीये. हे रोज. रोज म्हणजे रोज, एक दिवस चुकला तर भाऊ मेसेज करतो. यात बोलणं असं काही नसतं हे मलाही कळतं, पण आई आहे, ठीक आहे, तिच्या कपाळाला कुंकू आहे, मागे बाबा टीव्हीवर बातम्या लावून बसलेत, एवढं दिसलं की माझा दिवस सुरळीत. ज्यांना हे उथळ वाटतं त्यांनी खुशाल आठवड्याला एकदा बोलावं.

तरी एक सांगायला हवं. दिवाळीच्या आधी एका रविवारी तिने मला त्यांच्या फोनला बसवलं. सेबूत सोमवार सकाळचे नऊ म्हणजे आमच्याकडे उन्हाळी वेळेने रविवारचे संध्याकाळचे सात. सहा जणांचं कुटुंब, पाच इथे, सगळ्यांचे मोबाईल वेगळ्या खोलीत ठेवलेले, टीव्हीला लॅपटॉप जोडलेला, धाकटा तर आंघोळ करून बसलेला. आणि तो मुलगा! हाच मुलगा जायच्या आधी ड्राइव्हवेत भेटला तर कानातलं न काढता 'हे' म्हणून पुढे जायचा. तो तासभर बोलत होता. एका म्हातारीच्या घराचं छप्पर लावायला गेले ते, कोंबडीने पाठलाग केला ते, स्वयंपाक, सायकलची चेन, मधेच खाली कुणीतरी हाक मारली तर त्याच्याशी तिथल्या सेबुआनो भाषेत फाडफाड बोलला. शेजारी त्याचा जोडीदार बसलेला, कारण मिशनऱ्याने एकटं राहायचंच नाही, कायम दोघं, आणि काही आठवड्यांनी बदल्या की जोडीदार बदलतो. त्या जोडीदाराची आई कुठे असते, तिला काय होतं, हे सगळं शेजारणीला पाठ. मुलाने आजोबांचा गुडघा विचारला. भावाचा कुठला तरी सामना विचारला. माझ्या मुलीने माझ्या गुडघ्याबद्दल शेवटचं कधी विचारलं ते मी आठवत बसले. ती प्रोव्होला शिकते, इथून अर्ध्या तासावर, माझ्या मेसेजला अंगठा पाठवते.

पण अजून एक गोष्ट बघितली आणि ती मला जास्त लागली. सेबूतल्या त्यांच्या चर्चच्या बायका या पोरांना आळीपाळीने जेवायला बोलावतात आणि फोटो काढून आयांना पाठवतात. ओळख ना पाळख, पण पाठवतात. असा एक फोटो तिने मला दाखवला. मी बघितलं, मुलगा हसतोय, समोर भात आणि मासा, छान. तिने दोन बोटांनी फोटो मोठा केला. कॉलरची कड विरलीये. पट्ट्याचं भोक नवीन पाडलंय, खिळ्याने पाडलेलं दिसतंय, म्हणजे कमीत कमी सहा किलो उतरलाय. डाव्या बुटाची टाच आतून झिजलीये, लहानपणापासून तसाच चालतो. मनगटावर पुरळ आहे की सावली यावर आमची बराच वेळ चर्चा झाली. शेवटी तिने ठरवलं की सावली. मी पुरळ म्हटलं नाही.

आईला हे सगळं सांगितलं तर तिचं एकच, मिलिटरीत गेलाय का तो? आमच्या गल्लीतला एक लेहला आहे, तोसुद्धा रोज फोन करतो. मग म्हणाली, आणि तुम्ही तरी काय, हॉस्टेलवरून रविवारीच करायचात. खरंय, पुण्याला असताना एसटीडी बूथवर रात्री उशिरा दर उतरले की रांगेत उभं राहायचं आणि समोरच्या मीटरवरचे आकडे पळताना बघत बोलायचं. पण ते परवडत नव्हतं म्हणून. परवडत असून न करणं हे वेगळं, असं माझं अजूनही मत आहे. शेजारीण म्हणते, रोज बोलला असता तर त्याचं लक्ष घरातच राहिलं असतं, धड इथला नाही धड तिथला नाही. हे ती माझ्या स्वयंपाकघरात बसून म्हणाली, समोर मिक्सरला माझा मोबाईल टेकवलेला. मुद्दाम नसेल म्हणाली. तिच्यासमोर लिंबू सरबत ठेवलं, ते लोक चहा पीत नाहीत, आणि विषय बदलला.

धर्मांतराचं काय, असं कमेंटमध्ये कुणीतरी विचारणारच, तर माझ्याही दारावर दोन पोरी येऊन गेल्या, पाणी प्यायल्या, पुस्तक देऊन गेल्या, मी नाही म्हटलं तर शेजारणीने माझ्याशी बोलणं सोडलेलं नाही. आमच्या साउथ जॉर्डनच्या गणेश मंदिरात गणपतीला ती सहकुटुंब आली होती आणि मोदक मागून घेतला. याउपर मला या विषयात पडायचं नाही.

आता नवीन बातमी. मुलींना मिशनवर जायचं वय १९ होतं, ते चर्चने नोव्हेंबरमध्ये मुलांसारखंच १८ केलं. शेजारणीच्या मुलीला डिसेंबरमध्ये अठरा पूर्ण झाली आणि लगेच तिने अर्ज भरला. म्हणजे काही महिने दोघं बाहेर असणार, दोघांचे दोन फोन, दोन टाइमझोन, आणि ही बाई रविवार-सोमवार घरातून हलणार नाही. मी तिला विचारलं, जाऊ नको म्हणावंसं वाटत नाही का? ती म्हणाली, तुझ्या आईला वाटलं नव्हतं का? मी म्हटलं, वाटलं असेल, विचारलं नाही कधी.

कुठे जायचं ते आता ईमेलने कळतं, ते उघडायला नातेवाईक आणि शेजारीपाजारी जमतात, आधी प्रत्येकाने अंदाज सांगून नकाशावर टाचणी लावायची. मला बोलावणं आलंय, चकल्या घेऊन जाणार आहे. भारतात दिल्ली आणि बेंगळुरूलाही त्यांची मिशनं आहेत, म्हणून माझी टाचणी बेंगळुरूला. आईला सांगितलं तर म्हणाली, बेंगळुरूहून मिरजेला थेट गाडी आहे, तिला म्हणावं एक फेरी मारून जा, आणि त्यांना सोमवारीच सुट्टी असते ना, मग सोमवारी मी उपास धरत नाही हल्ली.