ढगांत अडकलेली विमानं

आज १३ ऑगस्ट. दिवसभर बर्लिनचा हवाई पूल डोक्यात घोळतोय. जून १९४८ मध्ये सोव्हिएतांनी पश्चिम बर्लिनचे रस्ते, रेल्वे, कालवे बंद केले. वीस लाखांहून जास्त माणसं, आणि उघडे राहिले फक्त तीन हवाई मार्ग. त्यांतूनच अमेरिका आणि ब्रिटननं शहराला विमानांनी माल पुरवला, तोच हा हवाई पूल.

त्या वर्षी १३ ऑगस्टला ढग खूप खाली आले. पश्चिम बर्लिनच्या टेम्पलहॉफ विमानतळावर एक सी-५४ मालवाहू विमान धावपट्टीपलीकडे जाऊन पेटलं. मागच्याचे टायर फुटले. वर विमानं घिरट्या घालत साचली, टक्कर कधीही झाली असती. हवाई पुलाचे प्रमुख, अमेरिकेचे जनरल टनर यांनी वरची सगळी परत पाठवली. पुढे नियमच झाला: उतरणं एकदा हुकलं की दुसरा प्रयत्न नाही, माल घेऊन सरळ तळावर परत. जायचं उत्तरेच्या आणि दक्षिणेच्या मार्गांनी, परतायचं मधल्या. त्यामुळे दर तीन मिनिटांना एक विमान उतरवणं शक्य झालं.

मालात सुमारे दोन तृतीयांश कोळसा! त्याची भुकटी केबल आणि वायरिंगमध्ये शिरून ती खराब करायची. बटाटे वाळवून नेत, पाण्याचं वजन कशाला वाहायचं?

मे १९४९ मध्ये नाकेबंदी उठली. साठा हवा म्हणून उड्डाणं सप्टेंबरपर्यंत चालू ठेवली. एकूण सुमारे २३ लाख टन माल. शीतयुद्ध म्हटलं की सगळे क्षेपणास्त्रांवर बोलतात. मला हे वेळापत्रक जास्त मोठं वाटतं.