बुऱ्हाणपूरचा कुंडी भंडारा: आधी वरून चाला, मग खाली उतरा

भुसावळहून खंडव्याकडे जाणारी गाडी सावदा, रावेर ओलांडून बुऱ्हाणपूरला पोचते. आज हे मध्य प्रदेशात असलं तरी फारुकी सुलतानांच्या वेळी खानदेशाची राजधानी हीच. कुंडी भंडारा म्हणजे जमिनीखालच्या बोगद्यातून या शहराला पाणी पुरवणारी जुनी योजना. रेल्वे स्टेशन लालबागेत आहे आणि भंडाराही त्याच अंगाला, तेव्हा आधी शहरात शिरून हेलपाटा घालू नका. स्टेशनवरूनच रिक्षा करा. थांबण्याचे पैसेही आधीच बोलून घ्या, परतीची रिक्षा तिथे मिळेलच असं नाही.

पोचल्यावर लगेच लिफ्टकडे धावणारे परतताना 'खोल विहीर पाहिली' म्हणतात. म्हणून आधी वरून चालावं. शंभराहून जास्त कुंड्या, म्हणजे बोगद्यापर्यंत उतरणाऱ्या विहिरीसारख्या उभ्या वाटा, एका ओळीत आहेत आणि खालचा बोगदा त्यांच्याच रेषेत जातो. माती वर काढायला, हवा खेळायला आणि पुढे गाळ उपसायला याच कुंड्या कामी आल्या. पावसाचं गढूळ पाणी आत जाऊ नये म्हणून काठ जमिनीच्या वर बांधून घेतलेले आहेत.

ही योजना १६१५ ची. तख्तावर जहांगीर, इथे त्याचा सरदार अब्दुर्रहीम खानखाना, आणि जमिनीची पारख तबकुतुल अर्ज या इराणी जाणकाराची. मूळ भंडारा, सुका भंडारा, चिंताहरण ही याच योजनेतली बाकीची कामं. सातपुड्यात मुरलेलं पाणी जमिनीखालून तापीकडे सरकतं, त्याला वाटेतच बोगद्यात घ्यायचं. बोगद्याला हलका उतार दिला की पाणी आपसूक वाहतं; मोट नको, रहाट नको. ते जाळी करंजच्या हौदात यायचं आणि तिथून मातीच्या नळांनी शहरात फिरायचं.

लिफ्ट साधारण ८० फूट खाली नेते. भिंतींवर पांढरे थर चढलेत, लोक त्याला संगमरवर समजतात. बॅटरी तिरपी धरा: दगडाच्या सांध्यात थेंब लोंबतो आणि त्याच्याभोवती चुन्याचं कडं दिसतं. दिसायला देखणं, पण भंडाऱ्याचं दुखणं हेच! पाझराची तोंडं त्याने बुजतात. दुसरं दुखणं रावेर-यावलच्या केळीवाल्यांना सांगायला नको, बोअरचं. पाण्याची पातळी बोगद्याच्या तळाखाली गेली की चुना कितीही खरवडा, पाझर फुटत नाही.

पाण्यात उभं राहावं लागतं. गुडघ्यापर्यंतची पँट आणि पकड असलेल्या रबरी चपला घाला, मोबाइल प्लास्टिकच्या पिशवीत ठेवा. कपाळावरची बॅटरी असेल तर हात मोकळे राहतात. दम्याचा किंवा कोंदट जागेचा त्रास असणाऱ्यांनी वरच थांबावं. खाली गर्दी झाली की हवा जड होते. पावसाळ्यात पाणी चढतं आणि वीज गेली की लिफ्ट अडते, म्हणून निघण्याआधी चालू आहे का ते विचारा. पाण्यात साबण, बाटल्या नकोत.

नंतर शहरात शाही किल्ल्यातला हमाम बघा. जाळी करंज मात्र या सगळ्याच्या शेवटी ठेवा. आधी पाहिलात तर नुसता हौदच दिसेल.