गाय की वनस्पती हे नंतर, आधी गव्हाणीत काय आहे ते बघा

ऑफिसातली माझी एक मैत्रीण तीन वर्षांपूर्वी व्हेगन झाली. दूध बंद, दही बंद, तूप पण बंद. आणि मी मंगळवेढ्याकडचा, घरी दावणीला जनावरं, सकाळी धारेच्या आवाजानं जाग यायची असल्या घरातला, त्यामुळे डबा उघडला की आमचा वाद ठरलेलाच. ती चिडून बोलत नाही, वाचून बोलते, म्हणून मलाही वाचावं लागलं. एकदा तिनं २०१८ चा 'सायन्स' या विज्ञानाच्या नियतकालिकातला अभ्यास पाठवला, त्यात जगभरातल्या जवळपास ३८ हजार शेतांचा हिशोब घालून असं म्हटलंय की प्राण्यांपासूनचं अन्न पूर्ण सोडलं तर शेतीखालची ७६ टक्के जमीन मोकळी होईल. मी लगेच एफएओच्या, म्हणजे संयुक्त राष्ट्रांच्या अन्न आणि शेती संघटनेच्या लोकांचा २०१७ चा अभ्यास शोधून पाठवला, की जगातली जनावरं जे खातात त्यातलं ८६ टक्के माणसाला खाताच येत नाही, गवत, पालापाचोळा, काड, पेंड. मला वाटलं जिंकलो.

कारण माझ्या डोळ्यासमोर आमचं रान होतं. आमच्याकडची काळी जमीन, पावसावर सोडलेली, सप्टेंबर-ऑक्टोबरात मालदांडी ज्वारी पेरायची आणि थंडीवर, जमिनीतल्या ओलीवर ती येते, वरून पाणी नाही. फेब्रुवारीत उपटणी. ज्वारी कापत नाहीत आमच्यात, मुळासकट उपटतात, हाताची कातडी निघते, मग कणसं मोडून खळ्यात आणि ताटं पेंढ्या बांधून गंजीला. दाणा आपल्याला, कडबा जनावराला. आजोबा तर ज्वारी किती झाली याच्या आधी कडबा किती शेकडा झाला ते विचारायचे, कारण ज्वारी कमी पडली तर बाजारातनं आणता येते, पण दुष्काळात वैरण कुठनं आणणार. आणि जनावराचं शेण उकिरड्यात कुजून उन्हाळ्यात परत त्याच रानात. शिवाय मेंढपाळ यायचे, रात्रभर शेतात मेंढरं बसवायची, त्याचे त्यांना पैसे नाहीतर धान्य द्यायचं. मैत्रिणीला मी हेच सांगायचो की बाई, तू ज्याला प्लांट बेस्ड म्हणतेस ती भाकरी पण शेणावरच उगवते, शेण नसेल तर युरियाची गोणी, आणि युरिया नैसर्गिक वायूपासून होतो. तू जे बदामाचं दूध पितेस त्याचे बदाम बहुतेक कॅलिफोर्नियातले, जगातले ८० टक्के तिथेच पिकतात, पाणी ओढून. ती म्हणाली मी आता सोयाचं पिते. बरं.

दिवाळीत गावी गेलो तेव्हा मात्र माझाच हिशोब चुकला.

दादाकडे आता चार एचएफ, म्हणजे होल्स्टीन या विदेशी जातीच्या गाई आहेत. गोठ्याच्या मागे मुरघासाच्या, म्हणजे हवाबंद आंबवलेल्या हिरव्या चाऱ्याच्या बॅगा रचलेल्या, एक उघडी होती, आंबूस वास, हातात घेऊन बघितलं तर कापलेल्या मक्याच्या तुकड्यांमध्ये पिवळे दाणे. अख्खे दाणे. मुरघासाला मका कणसासकट कापतात, दाणा चिकात असताना, म्हणजे भाजून खायच्या वेळेला. दीड एकर मका, बोअरच्या पाण्यावर, ज्या तुकड्यात आजोबांची मालदांडी असायची त्याच तुकड्यात. वर सरकी पेंड, गोळी पेंड, ती पोत्यानं विकत. मी तिथं उभा राहून विचार केला की मी ज्या ८६ टक्क्यांवर वाद घालतोय ते आजोबांच्या गोठ्याचं आहे, दादाच्या गोठ्याचं नाही. दादाच्या गोठ्याला मैत्रिणीचा आकडा जास्त लागू पडतोय.

दादाला दोष देत नाही. घर त्या दुधावर चालतं, दर १० दिवसाला पगार आल्यासारखे पैसे येतात, ज्वारी वर्षातनं एकदाच पैसे देते आणि तेव्हा भाव कुठंय. पण दूध पण कुठं देतंय आता. २०२३ च्या हिवाळ्यात सरकारनं ३४ रुपये सांगितलेला दर आमच्या डेअरीनं २६ वर आणला, फॅट कमी, डिग्री (दुधाचा दाटपणा) कमी म्हणून वर आणखी कापलं, मग जानेवारीत ५ रुपयांचं अनुदान लागू झालं, त्यासाठी कानात बिल्ला, ऑनलाइन नोंद, आणि तोवर पेंडेच्या पोत्याची उधारी झालेली. विकतचं खाऊ घालून दूध काढायचं आणि भाव दुसऱ्यानं ठरवायचा, हा धंदा शेतकऱ्याचा राहतच नाही.

आणि एक गोष्ट मी मैत्रिणीला आधी कधी सांगितली नव्हती, आता सांगितली. मी होतो त्याच आठवड्यात एक गाय व्याली, खोंड झाला. पांढरा, पाठीवर काळा डाग, उभं राहताना मागचे पाय फाकायचे. वहिनीनं दोन दिवस चीक पाजला, मग दूध निम्मं केलं, मग आणखी कमी. कुणी काही बोललं नाही. आपल्या देशी खिलार जातीचा खोंड असता तर सांगोल्याच्या बाजारात हौसेनं घेतला असता कुणीतरी, एचएफचा खोंड औताला चालत नाही, उन्हात धापा टाकतो. २०१५ ला राज्यात बैल आणि वळूंच्या कत्तलीवर पण बंदी आली, तेव्हापासून तो कत्तलीला विकताही येत नाही, मग एकतर लांब नेऊन सोडतात नाहीतर असं. अकराव्या दिवशी तो गेला. वहिनी त्या दिवशी जेवली नाही. व्हेगन लोक जेव्हा म्हणतात की दुधात पण हिंसा आहे तेव्हा आमच्या घरातले सगळे जण मनातनं हो म्हणतात, हे मला खात्रीनं सांगता येईल.

तरी मी दूध सोडलेलं नाही आणि दादानं गोठा बंद करावा असंही मला वाटत नाही. मला वाटतं भांडण चुकीच्या जागी चाललंय. मंगळवेढ्याच्या रानात जनावर काढून टाकलं तर कडब्याचं काय करायचं, जाळायचा? आणि जनावर ठेवून त्याला माणसाचा मका आणि बोअरचं पाणी द्यायचं असेल तर आजोबांची गाय दाखवून वाद घालायचा मला हक्क नाही. आमच्या भागाची स्वतःची म्हैस आहे, पंढरपुरी, तलवारीसारखी लांब शिंगं, दिवसाला ६-७ लिटर देते, पण कडब्यावर आणि उसाच्या वाड्यावर, म्हणजे हिरव्या शेंड्यांवर देते, ऊन सोसते, दुधाला फॅट चांगली म्हणून भाव बरा. म्हशीला ती कत्तलीची बंदी पण लागू नाही, त्यामुळे रेडकू उपाशी ठेवायची वेळ येत नाही, हे वाचायला कसं वाटतंय मला कळतं पण गोठ्यातली गोष्ट गोठ्यातल्यासारखीच सांगायला पाहिजे.

मैत्रीण यावर म्हणाली की कडब्यावरचं जनावर लिटरमागे जास्त मिथेन सोडतं, दूध कमी देतं म्हणून. बरोबर आहे तिचं. मी उत्तर शोधलं नाही. म्हणजे दूध कमीच प्यायला पाहिजे, चार गाईंच्या जागी दोन म्हशी, आणि शहरात रोज पनीर खायची जी सवय लागलीय आपल्याला ती कमी. प्रोटीनसाठी हुलगे, मटकी, तूर, शेंगदाण्याची चटणी आमच्या ताटात होतीच की, पनीर कधी होतं?

दादाशी दोन रात्री बसून वहीत हिशोब मांडला. मका, खत, बोअरची मोटार, पेंड, डॉक्टर, सगळं. दोन गाई कमी केल्या तर महिन्याला साधारण ९ हजार कमी येतात, आणि त्यातले ६ तरी पेंडेचेच वाचतात. वहिनी म्हणाली म्हैस आणा, मी धार काढते. दादा अजून पूर्ण तयार नाही, पण पुढच्या सप्टेंबरात दीडातला अर्धा एकर मालदांडीला द्यायचं कबूल केलंय त्यानं. बी आईनं फडक्यात बांधून ठेवलंय, घरचंच आहे.