दरजांतले सिमेंट

मराठवाड्यातील जुन्या मंदिरांच्या आणि बारवांच्या दुरुस्तीचा विषय निघाला की दोन वाक्ये हमखास कानावर पडतात: काळा पाषाण आहे, त्याला काय होणार, आणि दरजा, म्हणजे दगडांमधल्या सांध्यांच्या फटी, सिमेंटने भरून घेतल्या की पुढच्या शंभर वर्षांची चिंता मिटली. औंढा, होट्टल, अन्वा, चारठाणा अशी ठिकाणे सवडीने पाहत आल्यावर मला ही दोन्ही वाक्ये एकाच गैरसमजातून आलेली वाटतात.

आपला दगड बेसाल्टचा, म्हणजे सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी थरांवर थर साचत गेलेल्या लाव्हारसाचा आहे. पण तो सगळीकडे सारखा नसतो. काही थर निबर असतात, तर काहींत वायूच्या बुडबुड्यांनी पोकळ्या राहिल्या आणि त्यांत पुढे झिओलाइटसारखी पांढरी खनिजे भरली. वेरूळच्या लेण्यांत तिरप्या उन्हात जवळून पाहिल्यास हे पांढरे ठिपके दिसतात आणि ठिपका गळून गेल्यावर उरलेले वाटाण्याएवढे खळगेही दिसतात. दगडातील काही खनिजांचे काळाच्या ओघात चिकणमातीत रूपांतर झालेले असते. ती पावसाळ्यात पाणी पिऊन फुगते, उन्हाळ्यात आकसते आणि हे शतकानुशतके चालत राहिले की कोरीव कामाचे पापुद्रे सुटू लागतात.

म्हणजे खरा प्रश्न पाण्याचा आहे, आणि त्यातही आत शिरलेले पाणी कोणत्या वाटेने बाहेर पडते याचा. चुन्याची दरज दगडापेक्षा मऊ आणि सच्छिद्र असते, त्यामुळे ओल तिच्यातून वाळते आणि ओलीबरोबर येणारे क्षारही तिथेच जमतात. काही वर्षांनी दरज भुसभुशीत होते, ती खरवडून पुन्हा भरता येते आणि दगड शाबूत राहतो. सिमेंटने ही वाट बंद झाली की ओल दगडाच्या अंगातून बाहेर पडू पाहते, क्षारांचे स्फटिक पृष्ठभागाच्या आत वाढतात आणि वरचा थर उचकटून टाकतात. त्यात सिमेंट स्वतःचे क्षारही सोबत घेऊन येते. एका मंदिराच्या बाहेरील भिंतीवर मी पाहिले, की सिमेंटच्या दरजा हाडांसारख्या पुढे आल्या होत्या, त्यांच्यामधले दगड बोटभर आत गेले होते आणि कडेने पांढरा लोणा फुटला होता. हंसांच्या पट्टीतील बहुतेक हंसांना चोची उरल्या नव्हत्या. ज्यांना आपण हेमाडपंती म्हणतो त्या मंदिरांत तर पुष्कळदा चुना न वापरता दगडावर दगड बसवलेला असतो, तेव्हा तिथे मुळात भरायचे तरी काय?

चुन्याचे काम वेळखाऊ आहे, हे मान्य करावेच लागते. बीबी का मकबरा या सतराव्या शतकातील वास्तूत संगमरवर घुमटाला आणि भिंतींच्या खालच्या भागाला आहे. बराचसा उरलेला भाग बेसाल्टवर चुन्याचा गुळगुळीत गिलावा चढवून उभा केलेला आहे. असा गिलावा करायचा तर कळीचा चुना विझवून मुरवावा लागतो, चुन्याच्या घाण्यात, म्हणजे फिरत्या दगडी चाकाखाली, मळावा लागतो, त्यात गूळ, बेलफळाचा गर, हिरड्याचे पाणी घालावे लागते, आणि एवढे करूनही तो हवेतील कार्बन डायऑक्साइड शोषत सावकाश घट्ट होतो. मार्चअखेर बिल काढण्याची घाई असलेल्या ठेकेदाराला हा धीर कुठून असणार!

सद्हेतूने चढवलेला लेपही महागात पडतो. निजाम सरकारने १९२० साली अजिंठ्याच्या चित्रांसाठी चेक्कोनी आणि ओर्सिनी हे इटालियन तज्ज्ञ बोलावले. त्यांनी सुटणारा गिलावा पक्का केला हे त्यांचे श्रेय आहेच, परंतु चित्रांवर दिलेले लाखेचे व्हार्निश पुढे पिवळे पडले आणि ते काढण्याचे काम नंतरच्या पिढ्यांकडे आले. गावोगावच्या मूर्तींवरील ऑइलपेंट आणि झिलईदार लेप पाहताना मला हे आठवते.

गावातील जीर्णोद्धार समितीने विचारले, तर मी आधी छपराकडे बोट दाखवीन. वैशाखातच माथ्यावरची माती आणि पिंपळाची कोवळी रोपे मुळासकट काढावीत, तुंबलेल्या पन्हाळी मोकळ्या कराव्यात, पायाभोवतीची फरशी उखडून पाण्याला उतार द्यावा, आणि एक पावसाळा भिंत नेमकी कुठे ओली राहते याची नोंद ठेवावी. दरजांना हात त्यानंतर लावावा, तोही चुना मळता येणारा गवंडी मिळाला तरच.